‘लई वाळलीस गं’ : मोबाईलच्या काळात लेकरांना स्वतःच्या अंगाची लाज वाटू नये म्हणून घरात काय करायचं

मोबाईल काढून घेतला की प्रश्न मिटला, असं बहुतेक आईबापांना वाटतं. मुलगी आरशापुढून हलत नाही. मुलगा मे महिन्यातही शर्टाखाली बनियनवर बनियन घालतो. गॅदरिंगचा फोटो काढायचा म्हटलं की कुणीतरी हळूच मागच्या रांगेत सरकतं. घरातले म्हणतात, ‘त्या इन्स्टानं नाद लावलाय.’ इन्स्टाचा हात आहेच, नाही कशाला म्हणू? पण लेकरानं स्वतःच्या अंगाबद्दल ऐकलेलं पहिलं वाक्य फोनमधलं नसतं. ते ओसरीवरचं असतं, लग्नाच्या मांडवातलं असतं. ‘लई वाळलीस गं, खात न्हाईस का काई?’ ‘काय ढोल्या, बहिणीच्या वाटचं बी तूच खातूस का?’ ‘आईचा रंग न्हाई घेतला, बापावर गेली.’ फोन नंतर येतो आणि तेच वाक्य दिवसभर वेगवेगळ्या चेहऱ्यांनी दाखवत बसतो.

इन्स्टाग्राम जिच्या मालकीचं आहे त्या फेसबुक कंपनीचे आतले कागद २०२१ मध्ये बाहेर आले, त्यातही हेच दिसलं होतं. आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळं ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी कंपनीच्याच संशोधकांना सांगितलं होतं. म्हणजे वाईट वाटणं आधीचं, वाढवणं फोनचं.

म्हणून खालची कामं दिलेल्या क्रमानं करावीत. आधी घरातलं बोलणं, मग शरीराची माहिती, मग फोटोची उकल आणि त्यानंतर फोन. फोनपासून सुरुवात केली की पहिल्याच दिवशी दारं आपटतात आणि पुढचं काहीच होत नाही. मी हायस्कूलला शिकवते. पालकसभेत मुलांच्या मार्कांनंतर सगळ्यात जास्त चर्चा मोबाईलची होते. घरातल्या बोलण्याची कधीच होत नाही.

पहिलं काम : आठवडाभर फक्त कान द्या

काहीही बदलू नका. घरात कोण, कधी, कुणाच्या अंगावर बोलतं एवढंच ऐका. जेवताना ‘अजून एक भाकर? बास की आता’ असं एकीलाच म्हटलं जातं का? शाळेला निघताना ‘हा रंग तुला उठत नाही’ कोण म्हणतं? धाकट्याला ‘काळ्या’ हे लाडाचं नाव पडलंय का? लाडाच्या नावाबद्दल लोक चटकन म्हणतात की त्याला काही वाटत नाही, तो पण हसतो. सहावीपर्यंत हसतो. आठवीत तेच नाव मित्राच्या तोंडून मुलींसमोर आलं की काय होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

आईनं स्वतःचंही ऐकायचं. ‘मी किती सुटले’, ‘या दंडांमुळं ब्लाउज घालायची लाज वाटते’, ‘माझा फोटो नको काढू’ ही वाक्यं मुलीला उद्देशून नसतात, पण बायकांनी आपल्या अंगाबद्दल कसं बोलायचं असतं हे ती त्यातूनच शिकते.

कौतुकही मोजा. ‘बारीक झालीस, छान दिसतीस’ हे कौतुक मुलगी टायफॉइडमधून उठली तरी तिला मिळतं. अंगात रक्त नसल्यानं पांढरी पडलेली पोरगी ‘उजळली’ म्हणून वाखाणणारे पाहुणेही आहेत. आणि मोठ्या बहिणीचा बायोडाटा घरात तयार होत असेल, तर ‘वर्ण’ या रकान्यात ‘निमगोरा’ लिहायचं की ‘गहूवर्णी’ यावर जी चर्चा चालते, ती शेजारच्या खोलीत अभ्यास करणारी धाकटी ऐकत असते. हा रकाना काढून टाकला तर लग्न मोडत नाही. सावळ्या विठ्ठलाच्या वारीला दरसाल जाणाऱ्या घरात तरी तो नसावा, असं मला वाटतं.

दुसरं काम : घरात एक नियम, तोही मोठ्यांसाठी

आठवड्यानंतर नियम एकच ठेवा. कुणाच्याही अंगावर शेरा नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. ‘चांगला पण नाही?’ असा प्रश्न हमखास येतो. मुलगी नटली तर छान दिसतेस जरूर म्हणा, ते नटण्याचं कौतुक झालं, अंगाचं नाही. पण दिवसातून मिळणारं सगळं कौतुक रूपाचंच असेल, तर एक पुटकुळी आल्यावर तिच्याकडं काही उरत नाही. तिनं कबड्डीत कशी पकड केली, आजीला गोळ्या वेळेवर कशा दिल्या, गणित चुकलं तरी पुन्हा मांडून कसं पाहिलं, यावर बोला. शरीराबद्दल बोलायचंच असेल, तर ते काय करतं त्यावर बोला. ‘पाय दुखत नाहीत का गं, एवढं सायकल मारून आलीस?’ यात पायांचं माप येत नाही, पायांचं काम येतं.

पाहुण्यांचं काय करायचं, हा खरा प्रश्न. आपल्याकडं ‘वाळलीस’ ही विचारपूस असते, ‘अंगानं भरलीस’ ही खात्यापित्या घरची खूण असते. आत्याला त्यात काही गैर वाटत नाही आणि तिला सगळ्यांसमोर उलटून बोललं तर वर्षभर पुरेल एवढं भांडण होतं. म्हणून दोन पायऱ्या करा. दिवाळीला पाहुणे यायच्या आधी फोनवर सांगून ठेवा : ‘आक्का, एक ऐका. पोरीच्या अंगावर-रंगावर काही बोलू नका. सध्या ती लई मनाला लावून घेती. तिच्या चित्रांचं विचारा.’ बहुतेक आत्या ऐकतात. इतकं सांगूनही कुणी बोललंच, तर लेकराच्या देखत शांतपणे म्हणायचं, ‘आमच्याकडं आता अंगावर बोलत नाहीत हो. बसा, चहा टाकते.’ वाक्य पाहुण्याला असलं तरी ऐकायचं लेकरानं असतं. आपल्या बाजूनं कुणीतरी बोललं, हे त्याला पुरतं. नंतर एकटं गाठून ‘मनावर नको घेऊस’ म्हणण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

भरलेल्या अंगाचं आपल्याकडं अजून कौतुक होतं, म्हणजे आपली पोरं बारीक होण्याच्या वेडापासून लांब राहतील असं समजू नका. फिजी बेटांवरही भरलेलं अंगच चांगलं मानत. तिथल्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तेव्हा वजन आटोक्यात ठेवायला उलटी काढणारी एकही शाळकरी मुलगी पाहणीत आढळली नव्हती. १९९८ मध्ये त्याच भागात असं करणाऱ्या मुली ११.३ टक्के निघाल्या. तो नुसता टीव्ही होता, ठरावीक वेळी लागणारा. आपल्या पोरांच्या खिशात त्याहून मोठं काहीतरी आहे.

तिसरं काम : अंगात काय बदलणार हे आधी सांगा

हे पाचवी-सहावीत सांगायचं, बदल झाल्यावर नाही. मुलींच्या शरीरात बदल ८ ते १३ या वयात कधीही सुरू होतात, मुलांच्यात ९ ते १४ मध्ये. उंची झपाट्यानं वाढण्याचा काळ मुलींना मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी येतो. म्हणून सातवीच्या वर्गात मुली उंच आणि मुलं बुटकी दिसतात, आणि दोन्हीकडं लाज असते. उंच मुलगी पोक काढून चालते, बुटका मुलगा पहिल्या बाकावर बसायला नको म्हणतो. वर्गात मी एवढंच सांगते : तुरीच्या रानात सगळी झाडं एका दिवशी फुलत नाहीत, म्हणून उशिरा फुललेल्याला शेंगा यायच्या राहत नाहीत.

मुलींना सांगायची मुख्य गोष्ट ही की पाळीच्या आधीच्या वर्षा-दोन वर्षांत कंबर, मांड्या, पोट भरतात. ती जाडी नाही. शरीराला पुढच्या वाढीसाठी चरबी लागते आणि निसर्ग ती साठवून ठेवतो. नेमक्या याच वेळी मुली ‘डाएट’ सुरू करतात, म्हणजे वाढीला सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच ताटातलं कमी करतात.

मुलांना सांगायची गोष्ट बापानं सांगावी. बाप तयार नसेल तर मामानं, नाहीतर आईनंच. तेराव्या-चौदाव्या वर्षी निम्म्याहून अधिक मुलांच्या छातीत स्तनाग्राखाली गाठीसारखं लागतं, थोडं दुखतं, छाती वर आल्यासारखी दिसते. बहुतेकांचं ते एक-दोन वर्षांत आपोआप जातं. हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून मुलगा विहिरीवर पोहायला जाणं बंद करतो, पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणून बसून राहतो. उन्हाळ्यात बनियनवर बनियन घालण्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. पाच मिनिटांचं बोलणं आहे, पण त्यानं दोन वर्षांची घुसमट वाचते.

उंचीचा धसका मराठवाड्यात वेगळाच आहे, कारण त्याला भरती जोडलेली आहे. पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं पाहा. पोलीस भरतीत मुलांना १६५ सेंमी आणि मुलींना १५५ सेंमी उंची लागते, हे आठवीतल्या पोरालाही पाठ असतं. मग उंची वाढवायच्या पावडरी, गोळ्या, दाराच्या चौकटीला लोंबकळणं सुरू होतं. उंची मुख्यतः आईबापांकडून येते. त्यात भर घालतं ते लहानपणापासूनचं पुरेसं खाणं आणि झोप. वाढ संपल्यावर कोणत्याही डब्यातल्या पावडरीनं उंची वाढत नाही. मुलाची वाढ खरंच मागं आहे का, हे बालरोगतज्ज्ञ तक्त्यावर पाहून सांगतात. ५ ते १८ वयाच्या भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, म्हणजे आयएपीचे, २०१५ चे तक्ते आहेत. वजनासाठीही तेच वापरायचे. मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, मोबाईलवर काढून बारा वर्षांच्या पोरीला ‘तू ओव्हरवेट आहेस’ सांगू नका.

आणि एक, मानेचं. मान आणि काखा मखमलीसारख्या काळ्या पडल्या की आया लिंबू, बेसन, कुणी तर वजरी घेऊन घासत बसतात. ‘धूत नाही नीट’ म्हणून पोरीला बोलणी खावी लागतात ती वेगळीच. तो मळ नसतो. पुष्कळदा शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असते. घासून जात नाही, उलट कातडी सोलते. डॉक्टरांना दाखवा. सोबत पाळी दोन-तीन महिने लांबत असेल, ओठावर किंवा हनुवटीवर जाड केस येत असतील, तर तेही सांगा.

चौथं काम : फोटो कसा खोटं बोलतो ते करून दाखवा

‘ते सगळं खोटं असतं गं’ या वाक्याचा काही उपयोग नाही. पोरांना फिल्टर आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. माहीत असूनही वाईट वाटतं, हीच तर अडचण आहे. म्हणून हातानं करून बघायचं.

एका रविवारी फोनमधला ‘ब्युटी’ पर्याय बंद करा. कित्येक फोनमध्ये तो विकत घेतल्यापासून चालूच असतो, घरातल्या कुणाच्या ध्यानातही आलेलं नसतं. मग लेकराचा एक सेल्फी हातभर अंतरावरून घ्या. आता कुणीतरी पाच फूट मागं जाऊन मागच्या कॅमेऱ्यानं, चेहरा तेवढाच मोठा दिसेल असा झूम करून दुसरा फोटो घ्या. दोन्ही शेजारी ठेवून नाक बघा, कान बघा. सेल्फीत नाक पसरट आणि कान मागं गेलेले दिसतील. भिंग जवळ आणलं की जे पुढं असतं ते फुगतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचं गणित मांडलं : १२ इंचांवरच्या सेल्फीत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. जे नाक बघून पोरगी रडते ते तिचं नाकच नसतं. सगळ्या घराचे फोटो घ्या, आजोबांचे पण. हसणं झालं की निम्मं काम झालं.

पुढच्या आठवड्यात तिला गावातल्या फोटो स्टुडिओत घेऊन जा. पासपोर्ट फोटो काढायचे आहेत असं निमित्त करा आणि स्टुडिओवाल्याला म्हणा, ‘दादा, तुम्ही चेहरा कसा साफ करता ते जरा पोरीला दाखवा.’ तो माउस फिरवतो, डाग जातात, एका खटक्यात रंग दोन छटा उजळतो, हनुवटी आत जाते. दोन मिनिटांचा खेळ, आणि तोही कुण्या मुंबईच्या मासिकातला नाही, आपल्या बसस्टँडसमोरच्या दुकानातला. परत येताना चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स बघा. भाऊ, दादा, साहेब, शुभेच्छुकांची सगळी रांग एकाच गुलाबी-पांढऱ्या रंगाची, एकालाही ऊन लागलेलं नाही. मराठवाड्याच्या उन्हात! पोरांना हे एकदा दाखवलं की पुढचे फ्लेक्स ती स्वतःहून दाखवतात.

आपल्या घरचा फ्लेक्स किंवा लग्नाचा अल्बम करताना मात्र लक्षात ठेवा, ‘पोरांचे चेहरे गोरे करू नको’ हे दुकानदाराला आधीच सांगायचं. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलचं अंग बारीक किंवा जाड केलेल्या जाहिरातीवर तसं छापावं लागतं. आपल्या घरापुरता कायदा आपण करू शकतो. स्टेटसला लेकराचा फोटो टाकण्याआधी त्याला विचारणं, नको म्हणाला तर न टाकणं, हेही त्यातच आलं.

पाचवं काम : आता फोन

वय आधी बघा. इन्स्टाग्रामला किमान १३ वर्षं लागतात. बहुतेक पोरांनी खातं उघडताना जन्मसाल खोटं टाकलेलं असतं, आणि तिथंच सगळं बिघडतं. २०२४ च्या सप्टेंबरात कंपनीनं १८ खालच्यांसाठी ‘टीन अकाउंट’ आणलं, २०२५ मध्ये ते भारतात आलं. त्यात खातं आपोआप प्रायव्हेट राहतं, ६० मिनिटांनी थांबण्याची सूचना येते, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद असतात आणि १६ खालच्या मुलांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण हे सगळं खऱ्या वयावर चालतं. कागदोपत्री पंचवीस वर्षांच्या आठवीतल्या पोराला यातलं काहीच लागू होत नाही. म्हणून शेजारी बसून जन्मतारीख बघा आणि चुकीची असेल तर दुरुस्त करा. चोरून नाही, त्याच्या देखत.

मग त्याच्याच हातानं हे करायला लावा. अर्धा तास रील बघायच्या आणि प्रत्येकीनंतर एकच प्रश्न : हे बघून स्वतःबद्दल बरं वाटलं, वाईट वाटलं की काहीच नाही? वाईट वाटलं तिथं ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबायचं, खातं असेल तर अनफॉलो. मैत्रिणीचं असेल आणि अनफॉलो करणं जड जात असेल, तर म्यूट. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये सुचवलेला मजकूर ‘रीसेट’ करायचीही सोय आहे. यूट्यूबवर ‘डोन्ट रेकमेंड चॅनल’ दाबा आणि हिस्टरी पुसा, नाहीतर ‘सात दिवसांत पोट कमी’चा एक व्हिडिओ पाहिला की तसेच पन्नास येतात. ‘काळी’, ‘जाडी’, ‘म्हैस’ असे शब्द इन्स्टाग्रामच्या ‘हिडन वर्ड्स’च्या यादीत टाकता येतात, म्हणजे तशा कमेंट दिसतच नाहीत. मराठी शिव्या इंग्रजी अक्षरांत लिहिल्या जातात, तीही रूपं टाका. ही यादी पोरांना फार पटपट सुचते, एवढं मात्र खरं.

नुसतं काढून टाकण्यापेक्षा भरा. कुस्तीचे आखाडे, खो-खो, चित्रकला, शेतीचे प्रयोग, गाणं, आपल्यासारख्याच रंगाची-अंगाची माणसं काहीतरी जोरात करताना दिसतील अशी खाती शोधा.

वेळ कमी केल्यानं फरक पडतो का? पडतो. कॅनडातल्या २०२३ च्या एका अभ्यासात १७ ते २५ वयाच्या तरुणांनी तीन आठवडे सोशल मीडिया दिवसाला तासाभरावर आणला. आपल्या रूपाबद्दल आणि वजनाबद्दल त्यांना वाटणारं समाधान वाढलं. मात्र नियम घरातल्या सगळ्यांना हवा. जेवताना फोन नाही, रात्री चार्जिंग बैठकीत, वडिलांच्या फोनसकट. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते, ती उशाशी फोन ठेवून होत नाही.

क्रीम, पावडर, इंजेक्शन

इथं मात्र गोडीगुलाबी नको. कटलरीच्या दुकानात, जत्रेत आणि काही मेडिकलवरही ‘आठ दिवसांत फरक’ म्हणून मिळणाऱ्या क्रीममध्ये पुष्कळदा स्टिरॉइड आणि हायड्रोक्विनोन हे रंग फिका करणारं रसायन असतं. पहिल्या महिन्यात चेहरा खरंच उजळतो, म्हणूनच सगळ्या मैत्रिणी लावतात. मग कातडी पातळ होते, लाल रेषा दिसतात, पुटकुळ्या उठतात, गालावर केस येतात, आणि क्रीम बंद केलं की चेहऱ्याची आग होते म्हणून ते पुन्हा लावलं जातं. अचानक बंद करून घरी सोसत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडं जा आणि ट्यूब सोबत न्या. काही स्वस्त क्रीममध्ये पारा असतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात असं क्रीम लावणाऱ्यांना मूत्रपिंडाचे आजार झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. डब्यावर कंपनीचा पत्ता आणि घटकांची यादी नसेल, तर ते चेहऱ्याला लावायचं नाही. १९७५ पासून घराघरांत असलेल्या ‘फेअर अँड लव्हली’नं २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ काढला. आपल्या बोलण्यातला कधी काढणार?

मुलांच्या बाजूला जिम आहे. तालुक्याच्या गावीही आता दोन-तीन निघाल्यात. व्यायाम चांगलाच, योग्य शिकवणारा असेल तर वजनं उचलायलाही हरकत नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलाला पावडरीचा डबा किंवा इंजेक्शनांचा ‘कोर्स’ कुणी सुचवत असेल तर जिम बदला. शरीर फुगवणारी स्टिरॉइडची इंजेक्शनं वाढत्या वयात घेतली, तर हाडांची वाढ वेळेआधी थांबते. म्हणजे दंड भरतात आणि उंची तिथंच राहते, भरतीचं स्वप्न बघणाऱ्या पोराला एवढं एक वाक्य पुरतं. प्रथिनं शेंगदाणे, डाळ, मटकी, अंडी, दूध यांतून येतात. भाकरीसोबत वरण आणि शेंगदाण्याची चटणी खाणारं पोर उपाशी नसतं.

ताटाबद्दल थोडकंच

‘चांगलं’ खाणं आणि ‘वाईट’ खाणं अशी नावं देऊ नका. भजी वाईट आणि भाकरी चांगली म्हटलं, की भजी खाल्लेलं पोर स्वतःला वाईट समजतं. काय रोज आणि काय कधीमधी, एवढंच ठरवा. वजन जास्तच असेल, तर एकट्याचं ताट वेगळं करू नका, घराचं खाणं बदला : कुरकुऱ्यांची पाकिटं आणि थंड पेयाच्या बाटल्या घरात आणणं बंद, रोज तासभर खेळ सगळ्यांना. वाढत्या वयात बऱ्याचदा वजन घटवावं लागत नाही. ते तिथंच राहिलं आणि उंची वाढली तरी जमून येतं. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी मुली खिडकीतून फेकून देतात, ‘त्यानं जाड होतं’ म्हणून. त्यानं कुणी जाड होत नाही. जेवण झाल्यावर घ्यायला सांगा, मळमळत नाही.

लांब राहणारी लेकरं

लातूर-नांदेडला ‘नीट’ या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी ठेवलेली पोरं दिवसातले बारा-चौदा तास बसलेली असतात. मेसचं खाणं, कमी झोप, दर आठवड्याची टेस्ट, त्यात वजन वाढतं किंवा उतरतं, दोन्ही साहजिक आहे. महिन्यातून एकदा भेटायला गेलात तर पहिलं वाक्य ‘किती सुजलीस’ किंवा ‘किती वाळलीस’ नसावं. ‘मेसला काय असतं आता?’ इथून सुरू करा. रूममेटनं काय खाल्लं, कोण जेवण टाळतं, हे गप्पांत आपोआप कळतं.

ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं दिवाळीनंतर पाच-सहा महिने आजी-आजोबांकडं असतात. आईबापांशी बोलायला म्हणून घेतलेला फोन दिवसभर त्यांच्याच हातात असतो आणि आजीला त्यातलं काही कळत नाही. आईनं रोजच्या फोनवर ‘जेवलास का’ सोबत ‘आज फोनमध्ये काय पाहिलंस?’ एवढं विचारलं, तरी पोराला सांगायला जागा राहते. शाळेतल्या एका बाईंना किंवा सरांना, नाहीतर आशाताईंना, जायच्या आधी भेटून लक्ष ठेवायला सांगावं.

वर्गात चिडवणं चालू असेल तर लेकराला ‘तू पण बोल की’ म्हणून सोडून देऊ नका. काय बोललं गेलं, कुणी, कुठल्या दिवशी, ग्रुपवर असेल तर स्क्रीनशॉट, हे सगळं घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. कोड, भाजल्याचा डाग, पोलिओचा पाय असलेल्या लेकरासोबत आधी घरी उत्तर पाठ करून घ्या : ‘हे कोड आहे, लागत नाही. चल, डाव सुरू कर.’ छोटं, सरळ, आणि पुढं खेळाचं वाक्य.

डॉक्टरांकडं कधी

मुलगी जेवल्याबरोबर मोरीत जाते आणि नळ सोडून ठेवते. सगळ्यांसोबत बसायचं टाळते, उपवास अचानक वाढतात. पाळी थांबते, चक्कर येते, दोन-तीन महिन्यांत कपडे सैल होतात. मुलगा दिवसातून दोन-तीनदा जिमला जातो आणि एक दिवस चुकला तर चिडतो. चेहऱ्यातल्या एकाच गोष्टीवर तास-तास जातात, शाळा बुडते. अंगावर कापल्याच्या खुणा दिसतात, ‘मी नसते तर बरं’ असं बोलणं येतं. यातलं काही दिसलं तर ‘वय आहे, जाईल’ म्हणून थांबू नका. खुणा किंवा मरणाचं बोलणं असेल तर त्याच दिवशी जा, तोवर लेकराला एकटं सोडू नका.

आधी बालरोगतज्ज्ञ किंवा फॅमिली डॉक्टर चालतील. रक्त, थायरॉइड, वजन-उंची बघून ते पुढं पाठवतात. जिल्हा रुग्णालयात किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथं फी नाही. मानसोपचार विभाग संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात, तसाच अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत आहे. प्रवास जमत नसेल तर मनाच्या त्रासासाठी टेलिमानस, १४४१६, हा सरकारचा फुकटचा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. लेकराला स्वतःहून कुणाशी बोलायचं असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा चाइल्डलाइनचा नंबर आहे.

जाताना लेकराला खोटं सांगून नेऊ नका. ‘तुला वेड लागलंय म्हणून नाही, तुझं जेवण आणि झोप बिघडलीय म्हणून जातोय’ असं म्हणा. आत गेल्यावर ‘ही काही खातच नाही हो डॉक्टर’ म्हणून आपणच सुरू होऊ नये. चिठ्ठीवर पाळीच्या तारखा, वजन कधी किती होतं, कोणती गोळी-क्रीम चालू आहे हे लिहून द्यावं, आणि डॉक्टर म्हणाले की थोडा वेळ बाहेरच्या बाकावर जाऊन बसावं.